सेंद्रिय, चाराधारित दुधाकडे वळताना: कामांचा क्रम, तयारी आणि हमखास होणाऱ्या चुका

सेंद्रिय दूध काढायचे ठरले की बहुतेक गोठ्यांत पहिले काम होते ते पशुखाद्याची गोणी बंद करण्याचे. दोन-तीन आठवड्यांत दूध उतरते, एसएनएफ (फॅट सोडून दुधातील बाकीचे घन पदार्थ) ८.५ टक्क्यांच्या खाली जाते, संकलन केंद्राच्या पावतीवर दर कापलेला दिसतो, गायी वाळतात आणि माजावर येईनाशा होतात; मग चौथ्या-पाचव्या आठवड्यात गोणी पुन्हा गोठ्यात येते आणि ‘सेंद्रिय दूध आपल्याकडे परवडत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. बऱ्याचदा बिघडलेला असतो तो फक्त क्रम. आधी वैरणीचा हिशेब, मग जमीन, मग चारा आणि त्याची साठवण, त्यानंतर जनावरे, त्यानंतर खुराक आणि सर्वांत शेवटी लेबल, या क्रमाने गेल्यास वेळ लागतो, पण मागे फिरावे लागत नाही. पुढील मांडणी पश्चिम महाराष्ट्रातील थोडी बागायत व थोडी जिरायत असलेल्या, तीन ते सहा संकरित गायींच्या गोठ्याला धरून केली आहे.

टप्पा १: वैरणीचा हिशेब कागदावर मांडा

हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते. सुमारे ४०० किलो वजनाच्या चार गायी आणि दोन कालवडी असा गोठा धरू. दुभत्या गायीला रोज तिच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वजा जाता उरणारा चारा, लागतो. तो ११ किलो धरावा आणि कालवडीला ५ किलो. गायींचे ४४ व कालवडींचे १० मिळून रोजचे ५४ किलो, म्हणजे वर्षाचे १९.७ टन होतात. गव्हाणीत तुडवला जाणारा आणि पावसात भिजून कुजणारा चारा १५ टक्के धरला, तर गरज २२.७ टनांवर जाते.

आता जमेची बाजू. संकरित नेपियरचे एकरी ६० ते ८० टन हिरव्या चाऱ्याचे आकडे भरपूर पाणी आणि भरपूर रासायनिक नत्रावर मिळालेले असतात. सेंद्रिय पद्धतीच्या पहिल्या दोन वर्षांत नेपियर आणि द्विदल चारा मिळून एकरी सरासरी ३० टनच धरावेत. त्यात शुष्क पदार्थ सुमारे २० टक्के, म्हणजे ६ टन. दोन एकर बागायतीचे १२ टन. तीन एकर रब्बी ज्वारीचा एकरी २ टनांप्रमाणे ६ टन कडबा, त्यातील शुष्क पदार्थ ५.४ टन. बांधावरची शेवरी-सुबाभूळ आणि पावसाळी चराई यांचा १ टन. एकूण १८.४ टन.

तूट चार टनांहून अधिक आहे. तीन गायी आणि दोन कालवडी धरून हाच हिशेब केला, तर गरज १८ टनांवर येते आणि मेळ बसतो. म्हणजे या शेतावर एक गाय कमी करणे ही पहिली पायरी आहे. हा निर्णय कोणालाच आवडत नाही. पण तो पुढे ढकलला, तर एप्रिलमध्ये बाहेरून उसाचे वाढे आणावे लागतात आणि रासायनिक उसाचे वाढे गव्हाणीत पडले की सेंद्रिय साखळी तिथेच तुटते.

तपासणी: चारा तोलून पाहिल्याशिवाय हिशेब खरा मानू नये. एका गुंठ्याची कापणी करून ती काट्यावर तोलावी आणि त्यावरून एकराचा आकडा काढावा. डोळ्यांचा अंदाज जवळजवळ नेहमीच जास्त भरतो.

टप्पा २: जमिनीची नोंदणी आणि हद्द

प्रमाणनाचे दोन मार्ग आहेत. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेमार्फत राबवला जाणारा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था तपासणी करते. आणि पीजीएस-इंडिया, ज्यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देतो. निर्यात करायची असेल तर पहिला मार्गच लागतो. जवळच्या शहरात थेट विक्री करणाऱ्या लहान गटाला दुसरा स्वस्त पडतो. पीजीएसमध्ये रूपांतराच्या, म्हणजे रासायनिक पद्धतीकडून सेंद्रियकडे जाण्याच्या, काळात ‘ग्रीन’ आणि तो पूर्ण झाल्यावर ‘ऑरगॅनिक’ असे दोन वेगळे दर्जे मिळतात.

राष्ट्रीय कार्यक्रमात हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी किमान दोन वर्षे आणि बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या काढणीपूर्वी किमान तीन वर्षे जमीन सेंद्रिय व्यवस्थापनाखाली असावी लागते. आपली चारापिके यांपैकी कोणत्या गटात धरली जाणार आणि जनावरांचा स्वतंत्र रूपांतर कालावधी केव्हापासून मोजला जाणार, हे प्रमाणन संस्थेकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन तपासणीच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

नोंदणी करताना सातबारा, गट नंबर दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, विहीर-कालव्याच्या जागा आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची पिके नोंदवावीत. शेजारी ऊस किंवा द्राक्षबाग असेल तर फवारणीचा तुषार आणि पावसात वाहून येणारे पाणी हे दोन्ही प्रश्न असतात. वरच्या अंगाला चर खणून पाणी वळवावे आणि हद्दीवर शेवरी किंवा उंच गवताचा पट्टा लावावा. या पट्ट्यातला चारा सेंद्रिय म्हणून गायींना घालता येत नाही, तेव्हा तो हिशेबातून आधीच वगळावा.

इशारा: दुसऱ्या वर्षी नेपियर पिवळे पडते आणि ‘एकच गोणी युरिया’ टाकण्याचा मोह होतो. त्या एका गोणीने रूपांतराचा काळ पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो. शेजाऱ्याचा फवारणी पंपसुद्धा उसना आणू नये. त्याच्या टाकीत तणनाशकाचा अंश राहिलेला असतो.

टप्पा ३: चारा उभा करा

नुसत्या नेपियरवर दूध टिकत नाही. नेपियरमध्ये शुष्क पदार्थाच्या ८ ते १० टक्के प्रथिने असतात, लसूणघासात १८ ते २०, कडब्यात जेमतेम ३ ते ४. खुराकातून येणारी प्रथिने उद्या चाऱ्यातून आणायची असतील, तर बागायती क्षेत्राचा किमान तिसरा हिस्सा द्विदल चाऱ्याखाली असायला हवा. युरियाविना नेपियरला नत्र देण्याचे कामही याच पिकांच्या मुळांवरच्या गाठींना करायचे आहे.

१. पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी जमिनीत गाडावा. त्यानंतर एकरी ८ ते १० टन कुजलेले शेणखत द्यावे. कच्चे शेण टाकू नये. त्यातून तण आणि हुमणी दोन्ही येतात.

२. नेपियरचे दोन डोळ्यांचे बेणे किंवा ठोंब ९० × ६० सेंटिमीटरवर लावावेत. फुले जयवंत हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आणि बीएनएच-१० हा उरुळीकांचनच्या बायफ संस्थेचा वाण आपल्या भागात चांगला रुळलेला आहे. दोन ओळींमध्ये पावसाळ्यात चवळी घ्यावी.

३. लसूणघास ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेगळ्या वाफ्यांत पेरावा. आरएल-८८ हा वाण दोन-तीन वर्षे कापण्या देतो. पहिली कापणी ५५ ते ६० दिवसांनी आणि पुढच्या २५ ते ३० दिवसांच्या अंतराने घ्याव्यात.

४. बांधावर शेवरी, सुबाभूळ आणि दशरथ घास लावावा. दुष्काळी उन्हाळ्यात हिरवा पाला देणारी हीच झाडे असतात.

५. हलक्या माळावर मारवेल गवत आणि स्टायलो एकत्र पेरून पहिले वर्ष तिथे जनावर फिरकू देऊ नये. दुसऱ्या पावसाळ्यापासून माळाचे पाच-सहा तुकडे पाडून गायी पाळीपाळीने सोडाव्यात. गवत गुडघ्याच्या जरा खालपर्यंत वाढले, म्हणजे २५ ते ३० सेंटिमीटर झाले, की आत सोडावे आणि ते ८ ते १० सेंटिमीटरवर आले की बाहेर काढावे. त्या तुकड्याला पावसाळ्यात किमान महिनाभर विश्रांती द्यावी. सौर झटका मशीनची एक तार या कामाला पुरते, फक्त गायींना तिची सवय आधी दावणीजवळ लावावी.

बियाण्याबाबत एक गोष्ट हमखास निसटते. बाजारातील मका आणि ज्वारीचे बी पुष्कळदा गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे असते. तो रंग बुरशीनाशकाच्या किंवा कीटकनाशकाच्या लेपाचा असतो. पिशवी फोडण्यापूर्वी लेबल वाचावे, प्रक्रिया न केलेले बी मागावे आणि पिशवीचे लेबल नोंदवहीत चिकटवून ठेवावे. लसूणघासाच्या बियांत अमरवेलीचे बी मिसळलेले असू शकते. सेंद्रिय शेतात तिच्यावर तणनाशक चालत नाही, म्हणून पिवळट तंतू दिसताच तेवढा तुकडा जमिनीलगत कापून, शेताबाहेर नेऊन जाळावा. फुलोरा येईपर्यंत थांबल्यास पुढच्या वर्षी सगळा वाफा जातो.

नेपियर किती उंचीवर कापावे, याबाबत फार चुका होतात. टनेज वाढावे म्हणून ते डोक्याच्या वर जाऊ दिले की खोड काष्ठमय होते आणि गाय कुट्टीतली पाने खाऊन दांडे गव्हाणीत ठेवते. मीटर-सव्वा मीटर उंचीवर, साधारण ४५ ते ५५ दिवसांनी, जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापणी करावी. त्याहून कोवळे कापणेही बरे नाही. कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झलेट जास्त असते आणि ते चाऱ्यातील कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे रोजच्या गव्हाणीत नेपियरबरोबर कडबा आणि द्विदल दोन्ही असावेत.

इशारा: पावसाने ताण दिलेली किंवा फुलोऱ्यात न आलेली ज्वारी गायींना घालू नये, आणि कापलेल्या ज्वारीच्या फुटव्यांवर त्यांना चरायलाही सोडू नये. त्यात हायड्रोसायनिक आम्ल असते आणि जनावराला किराळ (ही विषबाधा) लागून ते तासाभरातही दगावू शकते. किमान निम्मे पीक फुलोऱ्यात आल्यावरच ज्वारी कापावी.

टप्पा ४: उन्हाळ्याची साठवण

मार्च ते जून हे चार महिने ज्याच्या गोठ्यात बाहेरचा चारा येत नाही, त्यालाच चाराधारित दूध जमले असे म्हणता येईल. त्यासाठी मका किंवा ज्वारीचा मूरघास पावसाळ्याच्या शेवटी करून ठेवावा. कणसातले दाणे चिकात असताना कापणी करावी, १ ते २ सेंटिमीटरची कुट्टी करावी, थर दाबत खड्डा किंवा बॅग भरावी आणि हवा न राहील अशी बंद करून किमान ४५ दिवस उघडू नये. भरण्यापूर्वी कुट्टीची मूठ घट्ट दाबून सोडावी. बोटांतून पाणी गळले तर चारा फार ओला आहे आणि अर्धा दिवस सुकवावा लागेल; गोळा लगेच विस्कटला तर तो फार सुकला आहे; गोळा हळूहळू उलगडला तर भरण्यास योग्य आहे.

मूरघासात किंवा कडब्यावर युरिया वापरण्याची शिफारस पारंपरिक दुग्धव्यवसायात सर्रास केली जाते. सेंद्रिय गोठ्यात ती प्रक्रियाही चालत नाही आणि युरिया-गुळाच्या चाटण विटाही चालत नाहीत. मूरघासासाठी गुळाचे पाणी पुरेसे होते.

तपासणी: फेब्रुवारीअखेर घरचा कडबा आणि मूरघास मोजावा. जूनअखेरपर्यंत पुरेल एवढा साठा नसेल, तर पुढचा टप्पा त्या वर्षी सुरू करू नये.

टप्पा ५: कोणती गाय आणि केव्हा

वीस लिटर देणारी होल्स्टिन संकरित गाय केवळ चाऱ्यावर उभी राहू शकत नाही. ती दूध देत राहते, पण अंगावरचे मांस झिजवून. चांगल्या द्विदल-मिश्र चाऱ्यावर, नाममात्र भरड्यासह, ८ ते १० लिटरपर्यंत टिकणारी जर्सी संकरित किंवा मध्यम क्षमतेची गाय या पद्धतीला अधिक जुळते. गीरही चालते. मात्र देशी गाय घेतली म्हणजे दूध सेंद्रिय झाले, हा समज सोडावा. ए-२ (दुधातील प्रथिनाचा एक प्रकार) ही गायीच्या जनुकांची बाब आहे आणि सेंद्रिय ही व्यवस्थापनाची. युरिया घातलेल्या नेपियरवरची गीर गाय सेंद्रिय ठरत नाही.

बदलाची सुरुवात नुकत्याच व्यालेल्या गायीपासून कधीही करू नये. वेतानंतरचे पहिले तीन महिने ती आधीच तोट्यात असते. पाच महिन्यांहून अधिक काळ दुधात असलेल्या आणि गाभण असलेल्या गायींपासून सुरुवात करावी. यापुढील रेतन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करण्याचा प्रयत्न ठेवावा, म्हणजे गाय जुलै-ऑगस्टमध्ये विते आणि दुधाचा चढ हिरव्या चाऱ्याच्या हंगामात येतो.

टप्पा ६: खुराक बदला, एकदम नव्हे

आधी सरकी पेंडेबद्दल. भारतातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी आहे आणि सेंद्रिय मानकांत जनुकीय बदल केलेल्या पिकांचे खाद्य वर्ज्य आहे. म्हणजे महाराष्ट्रातील गोठ्यांचा हा जुना आधार सोडावाच लागतो. द्रावक वापरून तेल काढलेली सोयाबीनची पेंड (डीओसी) ही चालत नाही. पर्याय म्हणून सेंद्रिय प्रमाणित घाण्याची करडई, जवस किंवा भुईमूग पेंड, तूर-हरभऱ्याची चुनी आणि घरच्या ज्वारी-मक्याचा भरडा वापरावा. भुईमूग पेंड ओलसर जागेत ठेवू नये. तिच्यात बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष दुधात उतरते आणि दुधात येणाऱ्या त्याच्या ‘एम१’ या रूपाची मर्यादा किलोमागे फक्त ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

१० लिटर देणारी गाय रोज ३ किलो गोळी पेंड आणि २ किलो सरकी खाते असे धरू. बदल पुढील क्रमाने करावा.

१. पहिले दोन आठवडे खुराकाला हात लावू नये. फक्त ओला लसूणघास २ किलोंपासून वाढवत १० किलोंपर्यंत न्यावा. दव असलेला कोवळा लसूणघास उपाशी पोटी घातल्यास पोटफुगी होते, म्हणून आधी कडबा आणि मग लसूणघास.

२. १० किलो ओल्या लसूणघासातून सुमारे ४०० ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे २ किलो सरकीच्या जवळपास. आता सरकी दर आठवड्याला अर्धा किलो कमी करावी.

३. सरकी संपल्यावर गोळी पेंड त्याच गतीने उतरवावी आणि तिच्या जागी भरडा व घाण्याची पेंड मिळून २ किलोंपर्यंत आणावी. लसूणघासातून प्रथिने येतात, पण ऊर्जा पुरेशी येत नाही. भरडा पूर्ण बंद करणाऱ्यांचे एसएनएफ नेमके इथेच कोसळते.

४. मीठ आणि खनिज मिश्रण चालू ठेवावे. कोणते मिश्रण चालेल, याची मान्यता प्रमाणन संस्थेकडून घ्यावी.

यात सरळ हिशेबाने सुमारे बारा आठवडे जातात आणि मध्ये थांबावे लागले तर त्याहून जास्त. घाई करणाऱ्याने लक्षात घ्यावे की कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला प्रत्येक बदलानंतर वेळ लागतो.

तपासणी, दर आठवड्याला: प्रत्येक गायीचे दूध वेगळे मोजावे आणि केंद्राच्या पावतीवरील फॅट व एसएनएफ वहीत उतरवावे. फॅट वाढले आणि एसएनएफ घसरले, तर ऊर्जा कमी पडत आहे. शेण पातळ व हिरवे पडत असेल, तर कडबा वाढवावा. आठवड्यात दूध दहा टक्क्यांहून अधिक उतरले किंवा कमरेची हाडे आधीपेक्षा वर दिसू लागली, तर मागच्या पायरीवर जाऊन दोन आठवडे थांबावे. चाराधारित गोठ्यात एकूण दूध कमी होणारच. नफा राहतो तो खुराकाचा खर्च कमी झाल्यामुळे, म्हणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत.

टप्पा ७: आजार आणि औषधे

सेंद्रिय म्हणजे औषध नाही, असे समजून गाय तडफडत ठेवणे हा गुन्हाच मानावा. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी चालतात आणि त्या द्याव्यातच. गरज पडल्यास प्रतिजैविकही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. मात्र अशा गायीचे दूध नेहमीच्या वर्ज्य काळाच्या (औषधानंतर दूध वापरायचे नसते त्या दिवसांच्या) दुप्पट दिवस वेगळे ठेवावे लागते आणि उपचाराची नोंद त्याच दिवशी करावी लागते. वर्ज्य आहे ते सरसकट, प्रतिबंधक म्हणून दिलेले औषध. गाय आटवताना प्रत्येक सडात ट्यूब सोडण्याची पद्धत यामुळे बंद करावी लागते. त्याऐवजी शेवटच्या दोन आठवड्यांत हिरवा चारा व खुराक कमी करून गाय हळूहळू आटवावी.

कासदाह सुरुवातीला पकडला तर बरेच काही वाचते. धारेच्या पहिल्या चार चिळकांड्या काळ्या कापडावर घेऊन गुठळ्या पाहाव्यात. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम यांचा वाटून केलेला लेप दिवसातून अनेकदा कासेवर लावण्याचा उपाय राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही प्रसारात आणला आहे. ताप किंवा घट्ट सुजलेली कास असेल तर मात्र लेपावर दिवस काढू नयेत. जंताचे औषध ठराविक तारखांना न देता आधी तालुक्याच्या दवाखान्यात शेण तपासून घ्यावे. गोचिडांसाठी मुक्तसंचार गोठ्यात कोंबड्या सोडणे आणि भिंतींच्या भेगा बुजवणे हे पहिले उपाय आहेत.

टप्पा ८: विक्री आणि तपासणीचा दिवस

रूपांतराच्या काळात दूध नेहमीच्या संकलन केंद्रावरच घालावे. ते ‘सेंद्रिय’ म्हणून विकू नये आणि त्यावर जादा दराची आशाही ठेवू नये. प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही ते दूध गावच्या बल्क कूलरमध्ये ओतले की इतर दुधात मिसळून त्याची ओळख संपते. त्यामुळे वेगळे कॅन, वेगळी शीतसाखळी आणि ठरलेले ग्राहक यांची सोय प्रमाणपत्राच्या सहा महिने आधी करावी. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना वेगळा लागतो. ‘जैविक भारत’ हे चिन्ह प्रमाणनाशिवाय छापता येत नाही.

तपासणीस आलेला निरीक्षक गायींपेक्षा कागद जास्त पाहतो: खरेदी केलेल्या प्रत्येक पेंडेची पावती आणि तिचे सेंद्रिय प्रमाणपत्र, बियाण्यांची लेबले, प्रत्येक गटातील कापणीच्या तारखा, उपचारांची वही आणि विकलेल्या दुधाचा हिशेब. तो उत्पादन आणि चारा यांची सांगडही घालतो. १८ टन शुष्क चारा दाखवून पाच गायींचे दूध विकले असेल, तर बाकीचा चारा कोठून आला हे विचारले जाते. गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेली युरियाची रिकामी गोणीसुद्धा नोंदवली जाते, मग ती धान्य भरण्यासाठीच का ठेवलेली असेना. अशा गोण्या, जुन्या औषधांच्या बाटल्या आणि गोचिडनाशकाचे डबे तपासणीच्या आदल्या दिवशी नव्हे, तर नोंदणीच्या आठवड्यातच शेताबाहेर काढावेत.